तिसरी जागा

माझा स्वभाव तापट आहे, हे मला ठाऊक आहे. लोकांनी पुन्हा पुन्हा सांगायची गरज नाही. तेहतीस वर्षं मी दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत फायली सांभाळल्या. तिथे गोड बोलणाऱ्याची फाइल कायम तळाशी जाते. त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी कब्रस्तानाची सूचना वाचली, तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानेच "हे काय आता नवीन?" निघालं आणि पुढच्या बाकावरच्या चार माना मागे वळल्या. वळू देत. निम्म्या लोकांच्या मनात तेच होतं, फक्त ते मूग गिळून बसले होते.

सूचना अशी, की कब्रस्तानात आता जागा उरलेली नाही. ज्यांच्या घरच्या कबरी आहेत त्यांना एका कबरीत तीनच माणसं ठेवता येतील. दोन आधीच असतील तर तिसऱ्याचं नाव उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आत फॉर्मवर लिहून द्यायचं. एकदा दिलेलं नाव बदलणार नाही. बाकीच्यांची सोय शहराबाहेर घेतलेल्या नव्या जमिनीवर.

आमच्या कबरीत दोन आहेत. खाली सासूबाई, चंद्रप्रभाबाई रणभिसे. त्यांच्यावर माझे यजमान दीनानाथ, अकरा वर्षांपूर्वी ठेवलेले. तिसरी मी. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. लग्नात पाळकांनी 'मरण आपल्याला वेगळे करीपर्यंत' असं म्हणायला लावलं होतं; त्यापुढचं मी माझं मनाशी ठरवून टाकलं होतं.

फॉर्म भरण्याआधी विलासला, माझ्या मुलाला, फोन केला. तो मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. मयूर विहारला माझ्याकडे दोन महिन्यांतून एकदा येतो, येताना फळं आणतो, सोफ्यावर झोपतो आणि जातो. मुलगा वाईट नाही. दमलेला आहे.

"विलास, समज, बाबांच्या कबरीत मला जागा नाही मिळाली," मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "लांब त्या नव्या जमिनीत ठेवलं मला. येशील ना अधूनमधून?"

"आई, सकाळी सकाळी काय हे यार! येईन ना, बिल्कुल येईन. तू एक काम कर, लोकेशन पाठवून ठेव."

"मेल्यावर पाठवू की आधी?"

तो हसला. "अगं तसं नाही... चलो, कंपनीची बस आली. रात्री करतो फोन."

रात्री फोन आला नाही. मी फॉर्मवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, सुनीती दीनानाथ रणभिसे, आणि खाली सही ठोकली.

उत्तम शुक्रवारच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कबर धुवायची रीत आहे. सासूबाईंपासूनची. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या सकाळी सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात येतात, त्याआधी आपलं माणूस नीटनेटकं दिसायला हवं. इतर गावांत वसंतात पालवी फुटते. दिल्लीत आधी पानगळ होते. कडुनिंब असा झडतो की झाडून पाठ फिरवावी तर पुन्हा पिवळा सडा. कब्रस्तानभर बादल्या वाजत होत्या, ओळखीचे लोक "सलाम, सलाम" करत होते आणि आमच्या कबरीशी माझी नणंद माझ्याआधी येऊन बसली होती.

अहिल्या रणभिसे. दीनानाथांहून दोन वर्षांनी मोठ्या, म्हणजे आता ऐंशीच्या. पहाडगंजातल्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलं, लग्न केलं नाही, आणि अजूनही शाळेजवळच एका खोलीत राहतात. मी त्यांना वन्सं म्हणते. दीनानाथ गेल्यावर आम्ही दोघींनी एकत्र राहून पाहिलं होतं. आठ महिने टिकलं. शेवटचं भांडण कशावरून झालं, तर चहात आलं पाण्याबरोबर टाकायचं की दूध घातल्यावर. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, ते खोटं नाही.

दोघींनी मिळून दगड घासला. फार वेळ लागलाच नाही. एवढी पानगळ असून दगड स्वच्छ होता. मी मनात म्हटलं, यांनी येऊन आधीच निम्मं उरकलं असणार, पुढे पुढे करायची खोड आहेच.

"फॉर्म भरलास?" वन्संनी विचारलं.

"भरला. उद्या ऑफिसात देते."

"कुणाचं नाव घातलंस?"

"कुणाचं म्हणजे? माझं."

त्यांनी ब्रश बादलीत टाकला. "मी गुरुवारीच दिलाय," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाचा."

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. पण वन्संना थट्टा येत नाही. "अहो, नवरा आहे तो माझा," मी म्हणाले.

"तुझा अडतीस वर्षं नवरा होता. माझा तो पाळण्यात होता तेव्हापासूनचा भाऊ आहे. आणि खाली आई आहे, सुनीती. ती तुझी नाही, माझी आहे."

"म्हणून बायकोला शहराबाहेर टाकायचं?"

"तुला विलास आहे. कुठेही ठेवलं तरी तुझ्यापाशी कुणीतरी येईल. माझं कोण आहे?"

विलासचं नाव निघालं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते लोकेशन आलं. राग त्याचा होता, निघाला यांच्यावर. "मग लग्न करायचं होतं! कुणी अडवलं होतं तुम्हाला?"

शेजारच्या कबरीवरच्या बाईने पाणी ओतायचं थांबवलं. वन्संनी बादली उचलली, उरलेलं पाणी कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं आणि फाटकाकडे चालू लागल्या. कुणी अडवलं होतं ते मला चांगलं माहीत होतं. सासरे गेले तेव्हा वन्सं एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या पगारावर घर चाललं, त्यांच्या पगारावर दीनानाथ शिकले, नोकरीला लागले आणि माझ्याशी लग्न करण्याजोगे झाले. हे सगळं माहीत असून मी बोलले. नव्हे, माहीत होतं म्हणूनच बोलले, कारण लागेल असं दुसरं काही हाताशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आम्ही नेहमीच्याच बाकावर बसलो. बाक बदलला असता तर सगळ्या मंडळीला बातमी कळली असती. मध्ये एका माणसाची जागा सोडली. सगळ्यांनी झावळ्या हलवल्या, होसान्ना म्हटलं. वन्संचा आवाज पूर्वी छपराला लागायचा. आता शेजारी बसूनही ऐकू येत नव्हता. उपासना संपताच त्या माझ्याकडे न पाहता निघून गेल्या.

मी ऑफिसात गेले. चर्चचं कारकुनी काम राजाभाऊ बघतात. त्यांनी माझा फॉर्म घेतला, रजिस्टर उघडलं आणि टाळूवरून हात फिरवला.

"मावशी, एका कबरीवर दोन अर्ज झाले की. अहिल्याबाईंचा आहे इथे."

"मग? काय करणार तुम्ही?"

"मी काय करणार! दोन्ही घेऊन जा, दोघी बसून ठरवा आणि शुक्रवारच्या आत एकच आणून द्या. नाहीतर कमिटीला चिठ्ठ्या टाकाव्या लागतील."

"येशूच्या कपड्यांसाठी वधस्तंभाखाली शिपायांनी टाकल्या होत्या, तशा का?" मी म्हणाले. "आठवडा बरा शोधलात."

राजाभाऊ बिचारे ओशाळले. दोन्ही फॉर्म पर्समध्ये घालून मी मेट्रोने घरी आले.

सोमवार गेला, मंगळवार गेला. तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. माफी मागायची मला सवय नाही, आणि जागाही सोडायची नव्हती. मला ती हवी होती. अकरा वर्षं मी त्या घरात एकटी आहे. सकाळी कुकर लावते तो एका वाटीचा. ओट्याशी उभ्याने, भांड्यातूनच जेवते, आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून ठेवते, बघायला नाही, माणसाचा आवाज यावा म्हणून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पण एक दिवस हे संपेल आणि मी पुन्हा दीनानाथांपाशी असेन, एवढं धरून मी चालले होते. तेही वन्संनी का घ्यावं?

बुधवारी दुपारी मी कब्रस्तानात गेले. म्हटलं, दीनानाथांनाच विचारू. त्यांनी जिवंतपणी बहीण आणि बायको यांच्या भांडणात कधी तोंड उघडलं नाही, आता तरी उघडतील.

फाटकाशी श्याम माळी पानं गोळा करत होता. त्याने मला ओळखलं.

"आज आप भी? बड़ी मैडम तो अंदर बैठी हैं।"

"आज? आज बुधवार आहे," मी म्हणाले, आणि मग हिंदीत विचारलं, "आज किसलिए आई हैं?"

"वो तो हर बुधवार, हर शनिवार आती हैं। बरसों से। खाना यहीं खाती हैं।"

मी तशीच उभी राहिले. अकरा वर्षं मी वर्षातून दोनदा येत होते, एकदा बादली घेऊन आणि एकदा मेणबत्ती घेऊन, आणि माझी समजूत होती की त्याही तेवढंच येत असतील.

वन्सं कबरीच्या कडेला वर्तमानपत्र अंथरून बसल्या होत्या. पुढ्यात स्टीलचा डबा उघडा होता. त्या प्रार्थना करत नव्हत्या, रडतही नव्हत्या. जेवत होत्या. घरी चार माणसांत बसून जेवावं तशा सावकाश, मध्येच थांबून, पुन्हा एक घास घेऊन.

मला पाहून त्यांनी पदर सावरला. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"घरी घास उतरत नाही," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे बघून किती जेवणार? इथे दोन पोळ्या जातात."

मी त्यांच्यापलीकडे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर बसले. गुडघे कुरकुरले. वरून पानं पडत होती, काही डब्याच्या झाकणावर पडली.

"वन्सं, शनिवारी मी जे बोलले..."

"बोललीस खरी."

"ते बोलायला नको होतं."

"नको होतं," त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी अर्धी पोळी आणि दुधीची भाजी झाकणात काढून दिली. भाजीत मीठ कमी होतं. डॉक्टरांनी सांगितलं असणार. मी कधी विचारलंच नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी बसून जेवत होते, आणि शेजारी कुणाच्या तरी चावण्याचा आवाज येत होता.

जेवण झाल्यावर मी पर्समधून दोन्ही फॉर्म काढले. माझ्या नावाचा फाडला. एकदा, मग पुन्हा एकदा. मोठेपणा वगैरे काही नव्हता. फाडतानाही मला ती जागा हवी होती, आजही हवी आहे. फक्त इथे जेवायला येऊन बसणाऱ्या बाईला उठवून त्या जागी मी कशी निजणार, हे मला कळेना.

वन्सं बघत राहिल्या. आभार मानणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी आधी ते तुकडे वेचून डब्यात टाकले, कचरा नको म्हणून. मग त्यांच्या नावाचा फॉर्म घेऊन तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला, शाळेत वही तपासावी तसा.

"म्हणजे आता मलाच आधी जायला हवं," त्या म्हणाल्या. "तू आधी गेलीस तर मला इथे आणून कोण ठेवणार? यंदा नाही तर पुढच्या वर्षी..."

"वन्सं."

"अगं, ऐंशी झाली. हिशेबच तो आहे."

"घाई करू नका." मी म्हणाले. बाजारात मी मावशी आहे, शेजाऱ्यांची आंटी, बँकेत मॅडम, विलासची आई. मला नावाने हाक मारणारं, माझ्याशी भांडणारं माणूस या एवढ्या मोठ्या दिल्लीत एकच उरलं होतं आणि ते समोर बसून जाण्याच्या गोष्टी करत होतं. "वन्सं, खरंच घाई करू नका. तुमच्यामागे मला कोणी नाही हो."

मी डोळे पुसले, मग त्यांनीही चष्मा काढून पुसला. डब्याचं झाकण त्यांना लागेना. मी लावून दिलं.

"शनिवारी ये, सुनीती," त्या म्हणाल्या. "भाजी तू आण. आणि मीठ बेताने घाल."