खुणेच्या पट्ट्या

बायको गेली तेव्हा वाचनालयाची पाच पुस्तकं घरात होती. पलंगाशेजारच्या स्टुलावर ती एकावर एक रचलेली होती आणि सगळ्यात वर तिचा चष्मा होता. चष्मा कुशनवाल्यांनी कपाटात ठेवला. पुस्तकांना मात्र हात लावायचा धीर होईना.

कुशनवाले म्हणजे सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा नव्यानं भरून देणारे. त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मध्ये एक दार. त्या दाराला कधी पडदासुद्धा लागला नव्हता. बायको पुस्तक हातात घेऊन त्या दारात उभी राहायची आणि इकडे हे खुर्चीवर कापड ताणून खिळे ठोकत असायचे. बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेनं एकेक पुढे काढायचा, ही या धंद्याची रीत. त्यामुळे ती काहीही बोलली तरी यांचं उत्तर एकच असायचं, "हं."

एके दिवशी वाचनालयाच्या बाई दुकानात आल्या. पुस्तकं न्यायलाच आल्या असणार, या विचारानं कुशनवाले आतलं दार अडवून उभे राहिले.

"पुस्तकांची घाई नाही हो," बाई म्हणाल्या. "पण महिन्यातून एकदा आमच्याकडे सगळे बसतात ना, काय वाचलं, कसं वाटलं ते सांगायला. या खेपेला वहिनींची पाळी होती. ही पाचही त्यांनी त्यासाठीच नेलेली. म्हटलं, तुम्ही बोलाल का त्यांच्या जागी?"

"मी?"

"नसेल जमत तर राहू द्या. पुस्तकं घेऊन जाते, दुसऱ्या कुणाला तरी पाळी देते."

घेऊन जाते म्हटल्याबरोबर कुशनवाले बोलून गेले, "बोलतो की. त्यात काय एवढं!"

बाई गेल्या आणि कुशनवाले डोकं धरून बसले. उभ्या जन्मात त्यांनी कापडाच्या नमुन्यांचं पुस्तक सोडून दुसरं पुस्तक कधी पुरं केलं नव्हतं. पण शब्द दिला होता. आणि पुस्तकं घरात राहिली होती, हे त्याहून मोठं.

गिऱ्हाइकाचा सोफा आला की ते आधी उलटा करून झटकायचे. खाचांतून पेनं, पिना, नाणी, कधी एखादं कानातलं पडायचं. त्याच सवयीनं त्यांनी पाचही पुस्तकं पाठीला धरून झटकली. आतून कापडाच्या पट्ट्या पडल्या. दोन रेक्झिनच्या, एक मखमलीची, कडेला शिवतात त्या दोरीच्या गोटाचा एक जाड तुकडा, असं काहीबाही. त्या घरात कापडाचे तुकडे कुठेही सापडायचे. एकदा साखरेच्या डब्यात सापडला होता आणि त्यावरून बायकोनं दोन दिवस अबोला धरला होता. त्यांनी पट्ट्या उचलल्या, भरतीच्या गोणीत टाकल्या आणि दुपारी ती गोणी एका कँटीनच्या बाकाच्या गादीत भरली.

मग पहिलं पुस्तक उघडलं. खुनाचं होतं. कुशनवाले वाचायला बसले ते उठेचनात. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "जरा थांबा, खुनी सापडतोय." समासात मध्येमध्ये पेन्सिलीची बारीक खूण होती, बरोबरची करतात तशी. चौकीदाराच्या पहिल्याच खोट्या वाक्यापाशी एक होती. आणि शेवटी खुनी चौकीदारच निघाला. कुशनवाले मोठ्यांदा हसले. "आधीच ओळखलंस होय!" ते मोकळ्या खोलीत म्हणाले. किती तरी दिवसांनी घरात त्यांचा आवाज निघाला होता.

त्या दिवसापासून खुणा शोधत वाचायचं, असं सुरू झालं. दुसरं पुस्तक डोंगर पायी पालथे घालणाऱ्या एका माणसाचं. त्याचा त्यांना राग आला. वर्षभर हा हिंडतोय, मग घरी दूध कोण आणत होतं? त्याबद्दल एक ओळ नाही. तिसरं कवितांचं. अर्धं पान कोरं, अर्ध्यावर चार ओळी. एवढं कापड असं वाया घातलं असतं तर गिऱ्हाइकानं दारात उभं केलं नसतं. त्यातल्या एका कवितेत मात्र कुणीतरी रिकाम्या खुर्चीला दिवसभर काही म्हणत नाही आणि संध्याकाळी ती भिंतीकडे वळवून ठेवतो. ती त्यांनी परत वाचली, पुस्तक मिटलं आणि उगाचच हातोडी पुसत बसले. चौथं पक्ष्यांचं, चित्रं असलेलं. ते त्यांना मनापासून आवडलं, कारण त्यात कोण काय खातं आणि कुठे राहतं ते सरळ सांगितलं होतं.

पाचवी कादंबरी होती. दोन खोल्यांत राहणारं जोडपं, नवरा कारकून, बायको घरी. काही घडतच नव्हतं. कुशनवाले जांभया देत वाचत होते आणि एका पानावर थबकले. तिथे खूण एक नव्हती, दोन होत्या, दाबून केलेल्या. ओळ अशी होती: 'तो बोलत नाही असं नाही. तो माझ्याशी बोलत नाही.'

त्यांनी पुस्तक पालथं ठेवलं, पाणी प्यायले आणि पुन्हा उघडलं. खुणा तिथेच होत्या.

मग डोक्यात भुंगा शिरला. त्यांनी आधीची पुस्तकं काढली आणि नुसत्या खुणा पाहायला घेतल्या. डोंगरवाल्याच्या पुस्तकात खूण होती ती 'एकटं निघालं की माणूस हलका होतो' या वाक्याला. पक्ष्यांच्या पुस्तकात 'काही पक्षी आयुष्यभर एका फांदीवर बसूनही एकमेकांची हाक ओळखत नाहीत' याला. आठवड्यापूर्वी हीच वाक्यं ते कौतुकानं वाचून गेले होते. आता एकेक खूण तक्रार होऊन बसली. चौकीदाराच्या खोटेपणाचीसुद्धा त्यांना धास्ती वाटायला लागली. आपण तिच्याशी कधी खोटं बोललो होतो का?

जेवणावरची वासना उडाली. एका खुर्चीचं कापड उलट्या बाजूनं ठोकलं आणि गिऱ्हाइकानं दाखवल्यावर कळलं. शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावात नवऱ्याबरोबर राहायची.

"काय गं, तुझी आई काही बोलायची का?"

"कशाबद्दल?"

"म्हणजे... माझ्याबद्दल."

"खूप बोलायची. तुम्ही ओले टॉवेल कुठे टाकता त्याबद्दल तर तास तास बोलायची."

"तसं नाही गं. म्हणजे, सुखी होती का?"

"बाबा, तुम्ही जेवलात का?"

"विचारतोय त्याचं सांग."

"आता मी काय सांगू बाबा? हे तुम्ही आईलाच विचारायचं होतंत." लगेच तिचं तिलाच लागलं असावं. "तसं नाही म्हणायचं मला. तुम्ही आधी जेवा बघू."

कुशनवाले जेवले नाहीत.

वाचनालयाची बैठक सकाळी होती. लांब टेबलाभोवती सातआठ जण, मधोमध चहाची किटली. कुशनवाल्यांनी पाच पुस्तकं पुढ्यात रचली आणि हात मांडीवर घट्ट धरून बसले. न जाण्याचं त्यांच्या मनात दहादा आलं होतं. पण पुस्तकं आज परत द्यायची तर एकदा कुणासमोर तरी हे ओकून टाकायला हवं होतं. नाहीतर ती टोचणी जन्मभर त्यांच्याजवळच राहिली असती.

बाई म्हणाल्या, "घाबरू नका हो. वाटलं ते बोला."

त्यांनी खुनाच्या पुस्तकापासून सुरुवात केली. दूध कोण आणत होतं हे विचारलं तेव्हा सगळे खो खो हसले. कवितेबद्दल एवढंच म्हणाले, "खुर्चीची एक आहे, ती बरी आहे." मग कादंबरी उचलली आणि ते पान उघडलं.

"ही... ही मला नीट सांगता यायची नाही. आमच्या हिनं इथे दोन खुणा केल्यात. पेन्सिलीनं." त्यांनी ती ओळ वाचली. "मला एवढंच विचारायचंय. तुम्ही सगळे तिला ओळखत होता. ती इथे कधी असं काही..."

टेबलाच्या टोकाला एका दवाखान्यातले म्हातारे कंपाउंडर बसले होते. त्यांनी घसा खाकरला. "बघू जरा."

पुस्तक हातोहात त्यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"माझ्या आहेत या."

"काय?"

"खुणा. माझ्या आहेत. पटलं की करतो."

बाई उसळल्या. "कंपाउंडर! किती वेळा सांगितलं तुम्हाला, वाचनालयाच्या पुस्तकांना पेन्सिल लावू नका म्हणून! पाटी लावलीय भिंतीवर, तुमच्याचसाठी लावलीय!"

"बारीक तर करतो."

"ही बारीक? दाबून दोन केल्यात!"

कंपाउंडर खाली मान घालून म्हणाले, "भावाकडे राहतो मी. माणसं भरपूर आहेत घरात. म्हणून दोन." आणि त्यांनी पुस्तक मिटून पुढे सरकवलं.

कुशनवाल्यांना आधी हायसं वाटलं. छातीवरून धोंडा उतरल्यासारखं झालं. पण तेवढ्यापुरतंच. लगेच कळलं की चौकीदाराला तिनं ओळखलं नव्हतं. जिच्याशी इतके दिवस बोलत होतो ती त्या पुस्तकांत नव्हतीच. होते ते हे म्हातारबुवा.

"मग तिचं यात काय होतं?" ते कुणालाही न विचारता म्हणाले.

"वहिनी कुठे पेन्सिल लावायच्या?" बाई म्हणाल्या. "त्या पट्टी ठेवायच्या, तुमच्या दुकानातली. पुस्तक परत देताना एकेक काढून घ्यायच्या. मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, पट्टी असेल ते ह्यांना वाचून दाखवायचं. दाराशी उभी राहते आणि वाचते, म्हणाल्या. तोंडात खिळे असतात त्यामुळे मध्ये बोलत नाहीत, असा ऐकणारा कुठे मिळतोय."

कुशनवाले पुढे झुकले. "हसून म्हणाली?"

"हसून."

"नक्की?"

"नक्की हो."

"म्हणजे कसं हसून? असं तोंडदेखलं, की..."

"अहो, चहा सांडला होता माझा हसताना! आता यापेक्षा काय सांगू?"

कुणीतरी हसलं. कुशनवाल्यांना हसू येईना. ती दारात उभी राहून वाचायची हे त्यांना आठवत होतं. आवाज आठवत होता, उंबऱ्यावर टेकलेला पाय आठवत होता. काय वाचायची त्यातला एक शब्द आठवत नव्हता. आणि यावेळच्या पट्ट्या, वाचायच्या राहिलेल्या, त्यांनी स्वतःच्या हातानं झटकून काढल्या होत्या. आता त्यांच्यावर कँटीनमध्ये माणसं बसत होती.

"सगळ्या काढल्या मी," ते म्हणाले. "कचरा समजून."

बाईंनी किटली उचलली आणि तशीच खाली ठेवली.

तेवढ्यात त्यांना गोटाचा तुकडा आठवला. दोरीचा, जाड. असा गोट कशातही दाबून राहिला तर वळ सोडतो, फोममध्येसुद्धा. त्यांनी एकेक पुस्तक घेऊन उघडलं आणि पानांवरून अंगठा फिरवायला घेतला. कंपाउंडर खुर्ची ओढून जवळ आले. खुनाच्या पुस्तकात काही नाही. डोंगरात नाही. कवितांत नाही. पक्ष्यांच्या पुस्तकात अर्ध्याच्या थोडं पुढे अंगठा अडला. कागदात बोटभर लांबीची खोलगट रेघ होती, दोन्ही पानांवर.

"वाचा," कंपाउंडर म्हणाले.

वाचताना कुशनवाल्यांची जीभ अडखळत होती. सुगरण पक्ष्यांची गोष्ट होती. नर घरटं अर्धवट विणतो. मादी येऊन तपासते. पसंत नसेल तर सरळ निघून जाते आणि तो बिचारा दुसरं विणायला घेतो. पसंत पडलं तर ती राहते आणि मग आतलं मऊ अस्तर मादीच घालते.

टेबलाभोवती खसखस पिकली. "वहिनी टोमणा मारणार होत्या तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"मग?" कंपाउंडर म्हणाले. "काय म्हणाला असतात?"

कुशनवाल्यांनी तोंड उघडलं. तोंडात खिळे नव्हते, तरी आधी बाहेर पडलं ते "हं" असंच. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी ओठ पुसले.

"गवताचं अस्तर टिकत नाही," ते म्हणाले. "चार दिवसांत दबतं. हिला माहीत होतं ते. मला डिवचायलाच ठेवली असणार पट्टी." पानावरच्या वळावर अंगठा ठेवून म्हणाले, "मी भांडलो असतो यावर. चांगला भांडलो असतो."

बैठक उठली. बाई पुस्तकं कपाटात लावायला लागल्या. चार लावून झाली. पाचवं, पक्ष्यांचं, कुशनवाल्यांच्या हातातून सुटत नव्हतं.

"हे आणखी थोडे दिवस ठेवू का?" त्यांनी विचारलं. "आणि ती बाकीचीसुद्धा? आत कुठे दबलंय का, ते जरा उजेडात बघतो."

रेक्झिनची पातळ पट्टी कागदावर वळ सोडत नाही, मखमल तर नाहीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चारही पुस्तकं कपाटातून परत काढली.