ठेका सुटला तरी

साधना रामटेकेला घबराहटीचे झटके येऊ लागले, तेव्हा महिला मंडळाची मोठी पंचाईत झाली. दुसऱ्या मोहल्ल्यात असती तर नजर लागली म्हणून लोक मिरच्या ओवाळून मोकळे झाले असते. इथे सगळ्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या. नजर म्हणायची सोय नाही, आणि मनाचा आजार म्हणायची हिंमत नाही. म्हणून सर्वानुमते ॲसिडिटी ठरली. मग जी येई ती जिऱ्याचं पाणी घेऊनच येई.

ॲसिडिटी नव्हती, हे साधनाला ठाऊक होतं. मंडळाच्या गाण्यांना ढोलक तीच वाजवायची. एप्रिलमध्ये जयंतीच्या स्टेजवर गाण्याची लय चढली आणि तिची छाती गाण्याच्याही पुढे पळाली. हात गार पडले. आता मरते, असं वाटून ती ढोलक सारून उठून गेली. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, गोळी दिली, हळूहळू उतरेल म्हणाल्या. उतरतही होतं.

मंडळ प्रेमळ होतं, हाच खरा घोटाळा. तिला त्रास नको म्हणून त्यांनी ढोलकच विहाराच्या कपाटात कुलूपबंद केलं. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेल्या पण शिफ्ट इन्चार्जचा आवाज घरी घेऊन आलेल्या विहाराच्या अध्यक्षांनी, भय्याजींनी, ढोलकाऐवजी सुपेला बाजारातल्या रेकॉर्डिंगवाल्या विक्कीकडून गाण्यांचा तयार ट्रॅक भरून आणला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलेले लोक नागपूरहून परतले, की रविवारी विहारात कार्यक्रम होता.

तालमीत साधना मागे, चपलांजवळ बसली. मुख्य गायिका शालूताई साठीच्या. लांब ओळीत त्यांचा दम तुटायचा. तसा तुटला. ट्रॅक आपला पुढे निघून गेला.

"ट्रॅक कोनासाठी थांबत नसते," भय्याजी अभिमानानं म्हणाले.

"मंग तुमीच गा त्याच्यासंग! मी काय एक्स्प्रेस आहो? मले मधात टेशन लागते."

बाया हसल्या. साधनाला हसू आलं नाही. इतकी वर्षं शालूताईंचा दम तुटला, की तिचे हात आपोआप साध्या ठेक्यावर यायचे. कसली कलाकुसर नाही, नुसतं धरून ठेवणं. ताई परत आल्या की गाणं पुढे. त्या थांबण्याला कुणी कधी आजार म्हटलं नव्हतं.

ती उठून पुढे आली. "भय्याजी, कपाटाची किल्ली द्या."

"अवं, तुले डॉक्टरनं आराम सांगतला ना?"

"डॉक्टरनं गोळी सांगतली, ते मी घेऊन राहिली. आराम तुमी सांगतला."

"अन् मधातच उठून गेली तं?"

प्रश्न रास्त होता. साधना शालूताईंकडे वळली. "ताई, तुमचा दम तुटते तवा मी ठेका धरते. माझा तुटन तवा?"

भाजीवालीचा तराजू पाहावा तसं शालूताईंनी तिला निरखलं. "आमाले हात नाहीत काय? टाळ्या धरू. पन उठाचं नाही. वाजवनं जमलं नाही तरी बसून राहाचं."

भय्याजींनी किल्ली काढून दिली, आणि मग त्याचीच तालीम सुरू झाली. साधना मुद्दाम हात उचलायची, बायांनी टाळ्यांवर गाणं चालू ठेवायचं. पहिल्यांदा त्या इतक्या घाबरल्या की गाणंच बंद पडलं, आणि मंडळातली धाकटी नीतू पाणी आणायला धावली. शनिवारपर्यंत मात्र सगळ्या निर्ढावल्या.

रविवारी तिसऱ्या गाण्यात ते आलं. आधी बोटांत मुंग्या, मग छातीत धडधड, मग कान बंद. साधनानं दोन्ही हात उचलले. बाजूचा दरवाजा उघडा होता, आणि पळणाऱ्याच्या डोळ्यांना दरवाजा फार जवळ दिसतो. तिनं ढोलकाची दोरी मुठीत धरली.

टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतून भय्याजी उठले. शालूताईंनी गाता गाताच डोळे असे वटारले की ते खाली बसले.

टाळ्यांनी भीती जाईल, असं साधनाला वाटलं होतं. गेली नाही. भीती आपल्या चालीनं धावत राहिली. साधनानं फक्त तिच्यामागे धावायचं नाकारलं. धृपद फिरून आलं. तिनं ते जाऊ दिलं. पुन्हा फिरून आलं, तेव्हा डावा हात टाकला. जरा उशिराच पडला. पुढचा बरोबर पडला. मग उजवा. कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, छाती अजून हट्ट सोडत नव्हती, आणि हात वाजत होते.

गाणं संपलं. भय्याजी घाईनं माईककडे आले. "आता साधनाबाई थोडा आराम करतील, तवरक आपन ट्रॅक..."

पुढच्या गाण्याचा ठेका सुरूही झाला होता.

"अवं थांब वं!" शालूताई हातातला ग्लास सावरत म्हणाल्या. "मले पानी तं पिऊ दे!"

"प्या तुमी सावकाश," साधना म्हणाली. "मी धरून ठेवते."