चंदाला सासरी नेणारी नाव

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची नाव आहे. वैनगंगेच्या काठी, वारलूच्या घराखालच्या घाटाला मी बांधलेली असते. माझ्या शेजारी तो काळा, बोडका डोंगा दिसतो ना, त्याच्याकडे आधी बघू नका. सगळे तेच करतात. आधी माझं ऐका.

माझा जन्म सिरोंच्याकडचा, गोदावरीच्या काठचा. सुतारानं सागाच्या फळ्या एकीला एक भिडवून मला बांधलं, सांधींत काथ्या ठोकला, वरून राळ ओतली. मला उंच डोलकाठी होती, जाड मांजरपाटाचं शीड होतं, लोखंडी नांगर होता. मागच्या अंगाला तट्ट्यांचं खोपटं होतं. त्यात दोन माणसं पाय पसरून झोपत, तिसरं पाय पोटाशी घेऊन. मातीची चूल होती, माठ हलू नये म्हणून लाकडाची बैठक होती. पावसाळी वारा शिडात भरला की भाताची पोती पोटात घेऊन मी धारेच्या उलट चढायची. बढाई मारते असं वाटेल. वाटू द्या. खोटं तर काही बोलत नाही ना!

माझा पहिला मालक मल्लय्या म्हातारा झाला, तेव्हा त्यानं मला वारलूला विकलं. वारलू मासे धरायचा आणि घाटावर माणसं उतरवायचा. मला घेताना त्यानं तळ बोटांनी वाजवून पाहिला, शीड उलगडून भोकं शोधली, खोपट्यात आडवा पडून पाहिलं. त्याची बायको धुरपता पोटुशी होती. तिनं आधी चूल पाहिली. निघताना मल्लय्यानं वारलूला बजावलं, की हिला उन्हाळ्यातसुद्धा पाण्यातच ठेव, फळ्या सुकल्या तर सांधी सुटतील. वारलूनं मान हलवली. पण त्याच्या घरात बापजाद्यांपासून एका खोडातून कोरलेले डोंगे. डोंगा उन्हाळ्यात काठावर ओढायचा, तेल पाजायचं आणि सावलीत निजवायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. लाकूड ते लाकूड, त्यात सांगायचं काय, असं त्याला वाटलं.

मला घेऊन येताना वाटेतच धुरपताला कळा सुरू झाल्या आणि चंदा माझ्या खोपट्यात जन्मली. ऐकलंत ना? घरात नाही, दवाखान्यात नाही, माझ्यात! वारलूनं माझ्या तोंडाला हात लावून म्हटलं, "माह्या पोरीले तूच आनलं. सासरी बी तूच नेजो."

ते शब्द मी काळजाशी धरून बसले. आमच्या घाटाची एक रीत आहे. नवरी नदी ओलांडून सासरी निघाली की नाव मध्यधारेत थांबवायची, आणि नवरीनं आपल्या हातानं नावेच्या तोंडाला हळद लावायची. कितीतरी नवऱ्या मी पार नेल्या. दर हळदीला मनात म्हणायची, ही खरी नव्हे, खरी चंदाची.

मग तो डोंगा आला. पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात चंदाचं लग्न ठरलं, समोरच्या काठावरच्या गावी. वारलूनं आंब्याचं जाडजूड खोड आणलं आणि लेकीला आंदण म्हणून डोंगा कोरायला घेतला. झालं! घरात दुसरा विषय नाही. शेजारच्या बायनाबाई पाहायला आल्या, भैयाजी आले. जो येई तो त्याच्या पाठीवरून हात फिरवी. कसला मेला डोंगा! ना शीड, ना नांगर, ना डोक्यावर तट्ट्या. चूल मांडायची म्हटली तर आपलंच बूड भाजून घेईल. आणि चंदा, माझी चंदा, त्याच्यात बसून आरसा बघत वेणी घालायची. माझा तर नुसता जळफळाट व्हायचा.

आजवर उन्हाळ्यातही घाटावर माणसं उतरवायची असत, म्हणून मी पाण्यातच राहिले होते. या वर्षी मात्र होळी झाली आणि वारलूनं आम्हा दोघांना काठावर ओढलं. लग्नात दोघं कशी चकचकीत दिसायला हवीत! मोहाच्या बियांचं तेल त्यानं आधी डोंग्याला चोळलं. मलाही चोळलं, नाही असं नाही, पण उरलेलं. मग मोहाच्या झाडाखाली ठेवून वरून पळसाच्या फांद्या घातल्या. डोंगा सुखानं पसरला. माझ्या फळ्या मात्र आक्रसू लागल्या. दुपारी मी कडकड वाजायची. धुरपतानं एकदा मल्लय्याच्या बोलण्याची आठवण दिली, तर वारलू म्हणाला की सावलीत तर ठेवली आहे, आणखी काय लाड करू?

लग्न लागलं. आंब्याची तोरणं बांधून मला पाण्यात ढकललं. चंदा पिवळं लुगडं नेसून खोपट्यात बसली, शेजारी नवरदेव. वारलू सुकाणूवर, धुरपता पुढे. आणि आंदणाचा डोंगा मागे, माझ्याच दोरीला! काय सांगू तुम्हाला तो रुबाब. मी मनात म्हटलं, ये बाळा, ये मागून.

थोडं अंतर गेलो असू. माझ्या सांधींतून पाणी आत आलं. आधी थेंब, मग धार. वारलूनं पागोटं फाडून फटींत कोंबलं, पण एक बुजवावी तर दुसरी उघडे. चंदाचे मेंदीचे पाय पाण्यात गेले. धुरपता शांतपणे म्हणाली, "चंदे, डोंग्यात बस."

ती बसली. नवरदेव बसला. धुरपतानं वल्हं घेतलं आणि ते पुढे गेले. मध्यधारेत डोंगा थांबला. लांबून मला दिसलं, चंदा वाकली आणि तिचा हळदीचा हात त्याच्या तोंडाला लागला. माझ्या मनात आलं, उलट मेल्या! पण त्याच्या पोटात चंदा होती. म्हणून म्हटलं, आधी तिला उतरव, मग उलट.

वारलूनं मला कसंबसं काठाशी आणलं. तिथेच, घाटाला बांधलेली, मी बुडून बसले. लाजेनं तो पुढे माझ्याकडे फिरकलाही नाही. माझ्या चुलीत मासे राहू लागले. पण मित्रांनो, विसरले सगळे म्हणूनच मी वाचले. पाणी पिऊन पिऊन फळ्या फुगल्या आणि सांधी आपोआप मिटल्या.

आखाडीच्या सणाला चंदा नवऱ्याबरोबर माहेरी आली, त्याच डोंग्यातून. दोन दिवसांत नदी चढली. सासरी भाताचं रोवणं, म्हणजे लावणी, लागलं होतं, जाणं भाग होतं. पूर ओसरू लागला तरी धारेला जोर होता. डोंग्याचं ते काम नव्हे. वारलू माझ्यापाशी आला, दोरीनं मला उथळात ओढलं, पाणी उपसलं आणि बघत बसला. थेंबही आत आला नाही. त्यानं माझ्या तळाला हात लावला. "मल्लय्या सांगून राह्यला होता," तो म्हणाला, "मीच आयकलो नाई."

शीड चढलं. वारा भरला. चंदा खोपट्यात, डोंगा मागे दोरीला. मध्यधारेत ती म्हणाली, "बाबा, थांबवा."

वारलू म्हणाला की रीत नवरीची असते, एकदाच.

"नवरीची झाली," चंदा म्हणाली. "हिची राह्यली. हिच्यात जन्मली मी."

वारलूनं शीड उतरवलं, नांगर टाकला. चंदानं आईनं दिलेली हळदीची पुडी सोडली, पुराच्या पाण्यात कालवली आणि दोन्ही हातांनी माझ्या तोंडाला फासली.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू सावलीत झाकून ठेवली की जपली असं समजू नका. तिला काय लागतं ते जाणत्याला विचारा, आणि त्यानं सांगितलेलं ऐका. मला पाणी लागतं. वारलू आता मला भर वैशाखातही काठावर घेत नाही.

डोंग्याला हळद माझ्याआधी लागली, हे मी अजून विसरलेली नाही. पण त्याला लागली तेव्हा नदीला पुरुषभरही पाणी नव्हतं. मला लागली ती पुरात.