बावीचं गोड पाणी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे, शिशाची. गुहागरला सावित्रीकाकूंच्या पडवीत पडून आहे. आम्ही चार बहिणी त्यांच्या गवत कापायच्या गाडीत होतो. वजनाला अशा, की एकेकीला उचलायला दोन माणसं लागत.

किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीचं काम काकूंना मिळालं, तेव्हा मुंबईहून त्यांचा मुलगा संदेश म्हणाला, "आई, लिथियमची बॅटरी घे. हलकी असते, लवकर चार्ज होते."

"आनि बिघडली तर? हितं कोन बघनार तिला?" असं म्हणून काकूंनी आम्हालाच पसंत केलं. मी तेव्हा जरा फुशारलेच.

काय दिवस होते ते! दव सुकलं की आम्ही कामाला लागायचो. कापलेल्या गवताचा तो वास अजून आठवतो. पाहुणे हिरवळीचे फोटो काढत, आमचे कोणी काढले नाहीत. काकू मात्र न विसरता आम्हाला दुकानातलं, क्षार काढलेलं डिस्टिल्ड वॉटर घालत.

मग सुनेच्या बाळंतपणासाठी काकू मुंबईला गेल्या आणि आम्ही त्यांच्या सासऱ्यांच्या, भिकाजींच्या हाती आलो. माणूस मायेचा. पण घरची बाव असताना पाणी विकत आणायचं, हे त्यांना पटेना. आपल्या विहिरीचं पाणी गावात सगळ्यांत गोड, हा त्यांचा अभिमान. "ह्यांना पन कळूंदे चव," म्हणत ते तांब्याने ओतत. त्यातले क्षार आमच्या पोटात साचत गेले. मला सांगता येईना.

काकू परतल्या त्याच आठवड्यात रिसॉर्टवर लग्न होतं. अर्धी हिरवळ कापून आम्ही चौघी बसलो, त्या उठलोच नाही. आठ दिवसांत गाडी चालली नाही तर काम दुसऱ्याला देऊ, असं मॅनेजरने सांगितलं.

"माझंच चुकलं. संदेशचं ऐकायला हवं होतं," काकू पडवीत बसून म्हणाल्या.

भिकाजी सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "तुझं नाय चुकलं गो. बावीचं पानी मीच घातलंय."

काकूंनी अडकित्ता उचलून त्यांच्या हातात परत दिला. "मग आबा, आता लिथियमचीच घेव्या. तिला पानीच लागत नाय."

काम वाचलं. नवी बॅटरी हलकी, तिच्यामुळे गाडी ओल्या मातीत रुतत नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काकूंनी निवडलं ते बरोबरच.

उद्या मला भंगारवाला नेईल. माझं शिसं वितळवून पुन्हा बॅटरी करतात म्हणे. मित्रांनो, ती तुमच्याकडे आली तर तिला जीव लावा, पण तिला काय लागतं ते आधी विचारून घ्या. भिकाजींनी मला दिलं ते त्यांच्याकडचं सगळ्यांत चांगलं होतं. मला मात्र ते सोसलं नाही.