अर्धी भिकुबाईची, अर्धी आक्काबाईची

मी एक ताडपत्री आहे. खळ्यावर किंवा बैलगाडीवर तुम्ही पाहता ती काळी-पिवळी नव्हे. मी पांढरी. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद. माझ्या एका टोकाला परदेशातल्या एका मोठ्या मदतसंस्थेचा निळा छाप आहे, दुसऱ्या टोकाला काळ्या शाईतला नंबर. ४१७.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला कुणा घरासाठी बनवलं नव्हतं, अजून न आलेल्या संकटासाठी बनवलं होतं. जहाजातून मुंबईला आणि तिथून ट्रकनं धुळ्याच्या गोदामात आले. दोन वर्षं घडीतच होते. शेजारी बादल्या होत्या, चादरी होत्या. गोदामाचा म्हातारा रखवालदार कधीकधी आमच्यावर हात ठेवून म्हणायचा, "तुम्ही आठेच पडी ऱ्हायन्या तर बरं." 'इथेच पडून राहा' हे ऐकून मला वाईट वाटायचं. आपण कुणाला नकोच आहोत की काय! त्याला काय म्हणायचं होतं ते मला अनेर नदीला पूर आला तेव्हा कळलं.

शिरपूर तालुक्यातल्या एका गावाची नदीकाठची सगळी गल्ली त्या पुरात बसली. मातीच्या भिंती होत्या, पाण्यात विरघळल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नंबरचे शिक्के निघायच्या आधीच मारले होते. शाळेच्या मैदानावर संस्थेची माणसं यादी करत होती. जो समोर उभा असेल त्याचं नाव लिहायचं, त्यापुढे ताडपत्रीचा नंबर, सही घ्यायची, ताडपत्री द्यायची.

मला गिरधर नानांनी घेतलं. त्यांची सही काही केल्या होईना. शेजारी उभी असलेली त्यांची बायको भिकुबाई म्हणाली, "हात कसाले थरथरस? लगीननी सही शे का?" मागे रांगेतली माणसं हसली. घरं गेलेली माणसंही हसतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

उभ्या राहिलेल्या एका भिंतीवर आणि चार बांबूंवर नानांनी मला बांधलं. ओढताना बाभळीच्या काट्यानं माझ्या छापाकडच्या टोकाला हातभर चीर पडली. भिकुबाईनं आत चूल मांडली. माझ्या पोटाला पहिल्यांदा ऊब लागली ती त्या चुलीची.

नवव्या दिवशी शेजारची आक्काबाई परत आली. मुलीच्या बाळंतपणासाठी ती पारोळ्याला गेली होती. एकटी बाई. बरोबर पिशवी आणि दोरीला बांधलेली बकरी; ती बकरी गावातल्याच कुणीतरी पुरात सांभाळली होती. घराच्या जागी मातीचा ढीग. तिचं नाव यादीत नव्हतं. समोर उभं कुणी नव्हतं, मग नाव कोण लिहिणार? गोदाम रिकामं झालं होतं.

"कोनले इचारू आते?" ती म्हणाली.

"कोनले इचारस? माले इचार," भिकुबाई म्हणाली. तिनं नानांना मला सोडायला लावलं, अंगणात पसरलं, मधोमध घडी घातली आणि कैची मागितली.

"माले नको तुनी ताडपत्री," आक्काबाई मागे सरली.

"नाव नही म्हनीसन तुनं घर काय पडनं नही का? धर ते टोक."

कैची चालली तेव्हा दुखलं नाही. चीर पडलेलं टोक भिकुबाईनं स्वतःला ठेवलं आणि धड असलेलं आक्काबाईला दिलं. नंबर त्या धड टोकावर होता. कुणी पाहिलाच नाही. मीसुद्धा कधी त्याला महत्त्व दिलं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन घरांत राहू लागले. ते दिवस मला अजून आठवतात. एका कानाला नानांचा खोकला आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची थपथप, दुसऱ्या कानाला बकरीचं बें-बें आणि आक्काबाईचं तिच्याशी चाललेलं बोलणं. "खाय ना वं, रुसनी का?" दुपारी ऊन मला तापवायचं तेव्हा दोघी माझ्याखालून निघून निंबाच्या सावलीत बसायच्या. तिखट मीठ एकमेकींकडून, विस्तव एकमेकींकडून. घर नावाचं काही नव्हतं, पण दोघींची दारं समोरासमोर होती. दारं कसली, पडदेच.

हिवाळ्यात बातमी आली. घरं बांधायला पैसा देणारी दुसरी एक मोठी संस्था पुढे आली होती. तिचं कार्यालय आणखी तिसऱ्याच देशात. दोन्ही संस्थांनी आपसात करार केला होता की पूरग्रस्तांना तेच ते प्रश्न दोनदा विचारायचे नाहीत. पहिलीची यादी दुसरीनं वापरायची. यादीत नाव आणि ताडपत्रीवर नंबर, दोन्ही जुळले की पक्कं घर. चांगलाच विचार होता तो. गावच्या ग्रुपवर निरोप आला : बुधवारी तपासणी, ताडपत्री दारात पसरून ठेवा, नंबर दिसला पाहिजे.

नानांनी माझा त्यांच्याकडचा अर्धा भाग चारदा उलटापालटा केला.

"अवं, नंबर कोठे शे?"

भिकुबाई चुलीपुढून उठली आणि तिनं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आक्काकडे गया व्हई."

"चांगलं करं! नाव आपलं, नंबर तिनाकडे. आते घर कोनले? तिनी बकरीले?"

मला माझ्या दुसऱ्या कानानं ऐकू येत होतं. पलीकडे आक्काबाईनं सगळं ऐकलं होतं आणि ती बांबूच्या गाठी सोडत होती. माझा अर्धा भाग घडी करून तिनं आणून भिकुबाईच्या पुढ्यात ठेवला.

"ले माय. जोडी टाक. तुनं तरी व्हवू दे."

"आनि तू?"

"मनं काय? मी एकटी. कोठे बी ऱ्हासू."

"जास्ती शहानी नको व्हवू," भिकुबाई म्हणाली. पण दाभण आणि सुतळी तिनं काढली. दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या. एकीनं वरून टोचायचं, दुसरीनं खालून ओढायचं. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा एक झाले. आनंद व्हायला हवा होता. पण आक्काबाईच्या बांबूंवर आता नुसतं आभाळ होतं.

बुधवारी दिपमाला आली. शिरपूरचीच मुलगी, दुसऱ्या संस्थेत नोकरीला. हातात टॅबलेट. तिनं माझ्यावरचा नंबर पाहिला, यादीतलं नाव पाहिलं, दोन्ही जुळले. मग तिची नजर शिवणीवर गेली.

"काकू, वाऱ्यानं फाटली का?"

"हो मॅडम," नाना घाईनं म्हणाले. "वारा लई व्हता."

सगळं तिथंच संपत होतं. भिकुबाईला घर मिळत होतं. भिंतीपाशी आक्काबाई उभी होती आणि ती मान हलवून 'हो म्हण' असं सुचवत होती.

भिकुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "वारा इतका सरळ फाडस का?" मग दिपमालाकडे वळून सावकाश, जमेल तशा शाळेतल्या मराठीत म्हणाली, "मी कापली. हिचं नाव लिहिलं नव्हतं. म्हणून कापली."

दिपमालानं टॅबलेट भिकुबाईपुढे धरला. "यात तीनच पर्याय आहेत काकू. चांगली, फाटलेली, हरवलेली. तुमचं कुठं लिहू?"

"जे शे ते लिखा."

"त्याला जागाच नाही. आणि शेरा मारला तर तुमचंही नाव अडकेल. वरून निर्णय येईपर्यंत तुम्हालाही घर नाही. कदाचित मिळणारच नाही."

माझ्यावर कुणाचा पाय नव्हता, तरी मला जड झालं. उत्तर नानांनी दिलं. डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि म्हणाले, "लिखा मॅडम. मनी बायको कापीच बसनी, आते काय लपाडो?"

दोघींचीही घरं अडकली. गल्लीतल्या बाकीच्या घरांचे पाये खणले जाऊ लागले. येणारे जाणारे टोमणे मारायचे, "काय नाना, अर्धं घर व्हई ना?" नाना हसून म्हणायचे, "हाऊ, अर्धी बकरी बी शे त्यामा." पण एकटे असले की मातीच्या ढिगावर पावलं मोजत फिरायचे. इतकी लांबी, इतकी रुंदी.

त्या शेऱ्यावर निर्णय घ्यायला महिन्याभरानं मला धुळ्याला बोलावलं. हो, मलाच. माझ्या जागी नानांनी तिघांसाठी गवताचं छप्पर घातलं. दिपमालानं मला एसटीत मांडीवर घेतलं होतं. एका हॉलमध्ये लांब टेबलावर मला पसरलं, माझ्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. ताडपत्र्या देणाऱ्या संस्थेचे योगेंद्र साहेब समोर होते. घरांचा पैसा देणाऱ्या संस्थेच्या वरिष्ठ बाई पडद्यावर, तिकडून, दुभाष्यामार्फत बोलत होत्या.

योगेंद्र साहेब म्हणाले, "एक कुटुंब, एक ताडपत्री. कापणं नियमात बसत नाही."

पडद्यावरून उत्तर आलं, "आम्ही तुमच्या यादीवरच पैसा देऊ शकतो. यादी बदलणं तुमच्याकडे."

"यादी बंद झाली. आता उघडायची तर तुमच्याकडून लेखी हवं."

"आणि आम्हाला आधी तुमच्याकडून."

हे खूप वेळ चाललं. वाईट माणसं नव्हती ती. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याच्या दाराची किल्ली होती आणि दोघंही बाहेर उभी होती. शेवटी दिपमाला उभी राहिली.

"सर, त्या दिवशी जे गावात होते त्यांचीच यादी झाली. पुरानं मात्र कोण गावात आहे ते पाहिलं नव्हतं."

मग पडद्यावरच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "ही शिवण कुणी घातली?"

"दोघींनी मिळून," दिपमाला म्हणाली.

"अशा शिवणी गावात किती आहेत?"

कुणालाच माहीत नव्हतं. यादी एकानं केली होती, नंबर दुसऱ्यानं तपासले होते. शिवणी मोजायचं कुणाच्या कामात नव्हतं. त्या बाई म्हणाल्या, "मग दोन्हीकडची माणसं एकत्र जाऊन मोजून या. तोवर आम्ही थांबतो." योगेंद्र साहेबांनी मान डोलावली आणि स्वतः गेले. त्या एका गावात अकरा शिवणी सापडल्या. काही आतून घातलेल्या, दिसू नयेत अशा. यादी पुन्हा उघडली. वैशाखी पौर्णिमेला आक्काबाई नव्या घरात गेली. भिकुबाईचं घर त्याच्या आठ दिवस आधी झालं होतं, पण ती थांबली होती. बरोबर जाऊ, म्हणाली.

हे सगळं मी पाहिलं नाही; मी धुळ्यालाच कार्यालयाच्या कपाटात होते. सह्या करायला दोघी धुळ्याला आल्या तेव्हा बोलताना ऐकलं. भिकुबाईनं मला कपाटात ओळखलं. "हाई तर आमनी शे! दी टाका ना साहेब, मिरच्या वाळाडाले व्हई."

तिथला कारकून अवघडून म्हणाला, "ती आता कागदपत्रात धरली आहे, मावशी."

आक्काबाईनं माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं. "ऱ्हावू दे वं. दोन घरं दिन्हात त्यासनी. ताडपत्रीकरता काय झगडस?" आणि दोघी निघून गेल्या. त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही.

चार वर्षं कपाटात काढली. माझ्यावर कधी मिरची वाळली नाही, पोर लोळलं नाही. नवे कर्मचारी आले की मला उघडून शिवण दाखवायचे आणि पुन्हा घडी घालायचे. कपाटात कोरडं असतं, पण चुलीचा धूर नसतो. मला त्या पडद्यांच्या दारांची फार आठवण यायची.

काल दूर कुठेतरी पूर आला. आज सकाळी दिपमालानं, ती आता इथली प्रमुख आहे, कपाट उघडलं. ट्रकमध्ये नव्या ताडपत्र्यांचे गठ्ठे होते, त्यांवर फॉर्मचे खोके, आणि वर आभाळ भरून आलेलं. झाकायला काही नव्हतं. "हिला घ्या," ती म्हणाली.

तर मी निघाले आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडे मदतीला येणार असाल तर माझं एक ऐका : माणसं मोजून झाल्यावर लगेच वही मिटू नका.

पाऊस सुरू झाला आहे. मी खोक्यांवर घट्ट पसरले आहे, एक थेंब आत जाऊ देत नाही. दोन्ही संस्थांचे छाप एकाच कागदावर असलेले ते नवे फॉर्म मी निघताना पाहिले. नाव, गाव, माणसं किती, सगळं पूर्वीसारखंच. फक्त अगदी खाली, सहीच्या वर, आता एक प्रश्न आणखी आहे : 'आज तुमच्या शेजारचं कोण घरी नाही?'