चौथी खुर्ची

आमच्या गच्चीवर चार खुर्च्या आहेत. तीन समुद्राकडे तोंड करून आणि एक पाठ करून. आमच्या नरपड गावी आलेला प्रत्येक पाहुणा ती चौथी खुर्ची उचलून सरळ करायचा, आणि तो गेल्यावर नूतन ती पुन्हा फिरवायची. नूतन म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं, समुद्र रोजच असतो, त्यात बघायचं काय? हवा स्वच्छ असली की त्या खुर्चीतून पूर्वेला, चिकूच्या शेंड्यांच्या वर, तलासरीकडच्या डोंगरांची एक निळी रेघ दिसते. हवा स्वच्छ नसली की काहीच दिसत नाही. तेही ती तितक्याच लक्षपूर्वक बघायची.

तिला डोंगर हवा होता. बघायला नव्हे, राहायला. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पला ती हिमाचलात दहा दिवस राहिली होती. त्यातले नऊ दिवस धुकं होतं. दहाव्या दिवशी सकाळी परतीची बस सुटता सुटता धुकं उचललं आणि समोर बर्फाची भिंत उभी! मग बसने वळण घेतलं आणि संपलं. साडेचार मिनिटं, असं ती सांगते. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती समुद्रसपाटीपासून तीन मीटर उंचीवर राहायला आली. मोठ्या भरतीला तेवढीही उंची उरत नाही.

लग्नात मी तिला म्हणालो होतो, "नेईन एकदा. कायमचं राहायलाच जाऊ." मी खोटं बोललो नव्हतो. मी फक्त चिकूवाला होतो. आंबेवाल्याचा हंगाम पावसाच्या आधी संपतो, मग तो बद्री-केदार करून येतो आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतो. चिकू बारा महिने येतो. एकाच फांदीवर फूलही असतं, बोराएवढं फळही असतं आणि उद्या तोडायचा चिकूही असतो. चिकूवाल्याला रजा एकच, आणि तिच्या अर्जाला चार खांदे लागतात.

अशी सत्तेचाळीस वर्षं गेली. मग आमचा जतीन बोईसरची नोकरी सोडून वाडी बघायला घरी आला. चार महिन्यांत त्याला सगळं जमायला लागलं. माझी सगळी कारणं एका पोराने निकामी केली.

जतीन वाडीत रुळला त्याच संध्याकाळी नूतनने ब्राऊन कव्हर घातलेली दोनशे पानी वही काढली. पानोपानी शहरं. मसुरी, डेहराडून, सोलन, अल्मोडा, पिथौरागड. प्रत्येकाखाली उंची, दवाखाना, भाजीबाजार, स्टेशन आणि 'खिडकीतून काय दिसतं'. ही वही तिने कधी लिहिली, मला माहीत नाही. मी वाडीत असणार.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "राहायचं दोघांना आहे. तुम्हाला नको असलेलं गाव मी घेणार नाही."

मग मी नको म्हणत गेलो. मसुरीला म्हणालो, गर्दी. डेहराडूनला म्हणालो, उकडतं. सोलनला चढ आहे. अल्मोड्याला उतार. पिथौरागडला म्हणालो, नाव अवघड आहे, फोनवर पत्ता सांगताना दम लागेल. नूतन वाद घालायची नाही. माझा आक्षेप त्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहायची आणि पान उलटायची. तिने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

भिकी आमच्या वाडीत तीस वर्षं कामाला आहे. तलासरीच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. एकदा ओटीवर चहा पिता पिता तिने सगळी शहरं ऐकली आणि म्हणाली, "बाय, डोंगरात राहायला एवढं शोधता कशाला? माझ्या पाड्यावर या. जागा फुकट. पाणी तेवढं खालून आणायचं."

"तुझ्या डोंगरावर बर्फ पडतो का गं?" नूतनने विचारलं.

"पाऊस पडतो तोच खूप झाला. बर्फ कोण सोसणार?"

"बघ," मी म्हणालो. "अनुभवी माणूस बोलतोय."

"शेट, तुम्ही गप बसा," भिकी म्हणाली. "बाय बोलते तेव्हा तुम्ही कधी ऐकता?"

शेवटी पालमपूरचं पान आलं. फार उंच नाही, फार थंड नाही. चहाचे मळे. मोठा दवाखाना. खिडकीत बर्फ. एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने होता. मी तीन दिवस विचार केला, दोष सापडेना. मग मला माझ्या कामातलं सुचलं.

"हे बघ," मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "महिनाभर राहून बघू. जाताना आपले कच्चे चिकू नेऊ. तिथे ते पिकले तर राहायचं. ज्या गावात आपलं फळ पिकत नाही, तिथे आपण राहायचं नाही."

वाडवडलांनी सांगून ठेवल्यासारखं वाटलं ते. आमच्याकडे परगावी जाताना कच्चेच चिकू नेतात. कुठे जायचं, किती दिवसांचा प्रवास, त्या हिशोबाने तोडायचे, म्हणजे पोचल्यावर बरोबर पिकतात. पण त्यात एक गोम होती आणि ती मला पक्की ठाऊक होती. थंडीत चिकू पिकत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी शिमल्याच्या एका व्यापाऱ्याला पेट्या पाठवल्या होत्या. दहा दिवसांनी त्याचा फोन आला होता, "भाईसाब, ये आलू कब पकेंगे?"

नूतनने ती अट पालमपूरच्या पानावर लिहून घेतली.

"ठरलं," ती म्हणाली.

नोव्हेंबरमध्ये मी स्वतः तीस चिकू निवडले. नखाने साल जरा खरवडून बघायची. खाली हिरवं दिसलं तर सोडायचा, पिवळसर दिसलं तर तोडायचा. नरपडला पाचव्या दिवशी हलव्यासारखे झाले असते. वापीहून गाडीने पंजाबात गेलो, तिथून बसने वर. टोपली माझ्या मांडीवर. इतकी जपणूक मी आयुष्यात कशाची केली नव्हती, आणि तीही बिघडावं म्हणून.

पालमपूरला पहिल्या सकाळी नूतनने खिडकी उघडली. समोर बर्फाची भिंत. ती शाल गुंडाळून खुर्चीत बसली आणि तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी चहा आणला, तो गार झाला. अर्ध्या तासाने तिने मान वळवून मला विचारलं,

"अहो, हे जात नाही?"

मी म्हणालो, "नाही बहुतेक. इथलंच आहे ते."

लग्नापासून मी हा चेहरा शोधत होतो असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. मी शोधत नव्हतो. असा चेहरा तिच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी चिकू दगड. सातव्या दिवशी दगड. मास्तरीणबाई रोज विचारायच्या, "भाईसाब, कल?" आणि मी म्हणायचो, "बस, परसों." त्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून एक तसाच चावून बघितला आणि दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. आल्यावर म्हणाल्या, वरच्या मजल्याला चंदिगडचं एक गिऱ्हाईक आहे, रविवारपर्यंत काय ते सांगा.

नूतन रोज सकाळी टोपलीतले चिकू एकेक अंगठ्याने दाबून बघायची. "नाही हो," एवढंच म्हणायची. तक्रार नाही. मात्र त्यानंतर एक स्वेटर घडी करून बॅगेत ठेवायची. रोज एक. ती चार स्वेटर घेऊन आली होती. चौथा घडी झाला तेव्हा रविवार सहा दिवसांवर होता.

त्या दिवसापासून मी माझ्याच विरुद्ध कामाला लागलो. ती खिडकीत बसलेली असताना चिकू तांदळाच्या डब्यात पुरले. मास्तरीणबाईंच्या गोठ्यातल्या गवतात ठेवले, तर गाय नाराज झाली. ऊन सरकेल तशी टोपली अंगणभर सरकवत नेली. गल्लीतल्या बायका म्हणत, मुंबईकडचे लोक बटाट्याची पूजा करतात. गरम पाण्याच्या पिशवीलाही मी दोन बांधून बघितले. काही नाही. निवडताना चूक केली असती तर एखादा तरी सडला असता. मीच निवडले होते.

मग त्यातला एक मी लोकरीच्या बंडीच्या आतल्या खिशात घातला. छातीपाशी, डाव्या बाजूला. जेवताना, फिरताना, झोपताना तो तिथेच. तीन रात्री मी उजव्या कुशीवर झोपलो. आधीच्या उन्हाचाही हात असेल, पण शनिवारी दुपारी खिशावर बोट ठेवलं तर बोट जरासं आत गेलं. त्या वयात माणसाला आनंदाने धावावंसं वाटू नये. मी जिना चढून उतरलो.

रविवारी सकाळी ती उठायच्या आधी मी तो टोपलीत मधोमध ठेवला.

नूतनने दाबायला सुरुवात केली. "नाही. नाही हो. हाही नाही." मी पेपर वाचत होतो. पेपर पंजाबीत होता. मग तिचा आवाज थांबला. तिने तो चिकू उचलला, नाकाशी नेला, दोन फाका केल्या, एक माझ्यासमोर ठेवली आणि एक खाल्ली.

"गोड आहे," ती म्हणाली.

"बघ! हवा चांगली आहे इथली."

"लोकरीचा वास येतोय."

मी पान उलटलं.

"शिमल्याच्या व्यापाऱ्याचा तो फोन," ती बी ताटलीत ठेवत म्हणाली, "आठवतं का, आधी मी उचलला होता. मग तुम्हाला दिला."

पंजाबी पेपरात त्या दिवशी पुष्कळ मजकूर होता.

"मग तू 'ठरलं' का म्हणालीस?"

"म्हटलं, बघू तरी तुम्ही काय करता." तिने माझ्यासमोरची फाक आणखी जवळ सरकवली. "खा. चार दिवस सांभाळलाय."

तिने बॅग उघडली, चारही स्वेटर बाहेर काढले आणि खाली जाऊन मास्तरीणबाईंना होकार सांगून आली.

मी तिथे तीन महिने राहिलो. चांगला राहिलो. फक्त एक दिवस फळवाल्याने मला सफरचंद नखाने खरवडताना पकडलं, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने. घरी आलो तर नूतन म्हणाली, "तुमचं लक्ष नाही इथे. जाऊन या. मी इथेच आहे." जतीनला वाडीत माझी काही गरज नव्हती. तरी मी नरपडला परत आलो.

त्याला वर्ष झालं. आता मी चिकूकडे रजा टाकतो. दर दोन महिन्यांनी वापीहून गाडी पकडतो. चिकू आता इथेच पिकवून नेतो, मास्तरीणबाईंच्या दातांचा प्रश्न आहे. एक मात्र कच्चा, बंडीच्या खिशात. नूतनला तोच लागतो. पुढच्या मंगळवारी निघायचं आहे. मार्चच्या उन्हात लोकरीची बंडी घातलेला माणूस बघून भिकी काल म्हणाली, "शेट, डोकं फिरलं काय?"

"बायसाठी आहे गं."

"बाय कधी येणार?"

"तिचा डोंगर तिथून हलत नाही."

"आमचा तरी कुठे हलला?" भिकी म्हणाली. "कोण बघतो त्याला?"

संध्याकाळी मी चौथ्या खुर्चीत बसतो. पाहुणे ती सरळ करून जातात, मी पुन्हा फिरवतो. मागे समुद्राचा आवाज चालू असतो, त्यात बघायचं काय? काल तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"कुठे बसलात?"

"तुझ्या खुर्चीत."

"दिसतंय का काही?"

मी बघितलं. चिकूचे शेंडे, त्यांच्यावर पांढुरकं आभाळ, बाकी काही नाही.

"नाही गं. धुरकट आहे सगळं."

"बसून राहा," ती म्हणाली. "उचलतं ते."