पेटीच्या दारातली दांडी

बागेतल्या पाखरांच्या अकरा पेट्या मीच ठोकल्या आणि दरवर्षी साफही मीच करतो. जुनं घरटं खरवडायचं, ढिले स्क्रू आवळायचे. सुतारकाम सुटलं तरी हात स्वस्थ बसत नाहीत. बारावी पेटी मात्र बायकोसाठी केली. तिचा पलंग खिडकीशी सरकवला होता आणि खिडकीसमोर बागेतलं झाड होतं, त्यावर ती लावली. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

पेटीत दयाळाची जोडी आली. बायको दुर्बीण घेऊन दिवसभर बघत राहायची. म्हणाली, "अहो, बिचारी तोंडात काडी घेऊन नुसती लोंबकळते. दारात एक दांडी ठोका की. टेकेल जरा."

बागेचा माळी म्हणाला, "दांडी नको, काका. पाखराला ती लागत नाही. कावळ्याला लागते."

त्याचं खरं होतं, मलाही ठाऊक होतं. जन्मभर गिऱ्हाइकांना नको ते करू नका म्हणून मीच अक्कल शिकवली. पण या बाईने आजवर माझ्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं. शिडी लावली आणि ठोकली दांडी.

तीन पिल्लं झाली. "ही उडालेली बघितली की मी सुटले," ती रोज म्हणायची.

पिल्लं उडायला दोनेक दिवस असतील. दुपारी बायको औषधाच्या गुंगीत होती. कावळा आला, दांडीवर ऐसपैस बसला आणि भोकात चोच घातली. मी जीव तोडून जिना उतरलो, पण माझे गुडघे ते काय. पोचलो तेव्हा पेटी रिकामी होती. दांडी जराही हलली नव्हती. माझं काम चोख असतं.

वर आलो तर ती जागी झालेली.

"पिल्लं दिसत नाहीत हो."

"उडाली."

"तिन्ही?"

"तिन्ही."

तिने दुर्बीण बाजूला ठेवली. "आणि मला उठवलं नाहीत?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण दांडी तिने मागितलेली. उरलेले दिवस ती स्वतःलाच खात बसली असती.

"गाढ झोपली होतीस," मी म्हणालो.

"झोपायचंच आहे मला आता. एवढं एकच बघायचं होतं." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग पाणी हवं, उशी सरकवा, एवढंच बोलली. मी दहादा तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्या दिवशी ती गेली, माझ्यावर रुसूनच.